निवृत्त सर्व्हरची उघडी दारं

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलवर नवीन मुलगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला दोन गोष्टी हमखास कळतात. एक म्हणजे सोमवारी बेल्ह्याचा बाजार असतो, त्या दिवशी एस.टी.त जागा मिळायची आशा सोडायची. दुसरी म्हणजे अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने हिंडायचं नाही, कारण जुन्नर तालुक्यात बिबट्या कधी कुठे दिसेल सांगता येत नाही. इथली माणसं रात्री झोपायच्या आधी गोठ्याचं दार नीट लावलंय ना हे दोनदा बघतात. पण ते जनावरं बांधलेल्या गोठ्याचं. मळ्यातल्या जुन्या, रिकाम्या गोठ्याच्या दाराकडे कोण बघतो?

हा लेख अशाच एका रिकाम्या गोठ्याबद्दल आहे. फक्त तो गोठा म्हणजे एक जुना ई-मेल सर्व्हर होता.

मेल गेलं, मशीन राहिलं

झालं असं की सुट्टीत मी आणि माझा रूम-पार्टनर आळेफाट्याच्या बाजूला एका संस्थेत कामाचा अनुभव घ्यायला गेलो. संस्थेचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण असं मशीन दहा ऑफिसांपैकी कुठल्याही ऑफिसात सापडेल. तिथे संगणकाचं सगळं एकटे बघणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पोरांनो, कोपऱ्यातलं ते मशीन एकदा बघून घ्या. काही करू नका, फक्त बघा. आता त्याचं काही काम नाही."

ते मशीन म्हणजे संस्थेचा जुना मेल सर्व्हर. २०१५ साली सेंटओएस ७ टाकून बसवलेला. २०२१ मध्ये सगळ्यांचे ई-मेल पत्ते क्लाउडवर गेले आणि हे मशीन निवृत्त झालं. पण बंद केलं नाही, कारण त्यात सहा वर्षांचा पत्रव्यवहार होता. ऑडिटवाले कधी जुनं पत्र मागतात, कधी एखादा सभासद म्हणतो, "मी तेव्हाच मेल केला होता." मग अण्णा त्या मशीनमधून ते पत्र काढून देतात. वर्षातून पाच-सहा वेळा. उरलेले तीनशे साठ दिवस मशीन नुसतं घुमत बसलेलं.

"काही काम नाही" म्हणून आम्हीही निर्धास्त होतो. सहज म्हणून लॉग उघडला आणि दोघेही गप्प झालो. दर दोन-चार मिनिटांनी कुणीतरी आत यायचा प्रयत्न करत होतं. कधी 'ॲडमिन' या नावाने, कधी 'इन्फो', कधी 'टेस्ट'. एक गेला की दुसरा, रात्रंदिवस. या संस्थेशी त्यांचं काही वैर नव्हतं. हे लोक, खरं तर त्यांचे प्रोग्राम, रस्त्याने चालता चालता प्रत्येक दार ढकलून बघतात. बिबट्या काही सात-बारा बघून गोठा निवडत नाही!

आणि आत काय होतं? पगारपत्रकं, बँकेच्या पासबुकांचे फोटो, आधार कार्डांच्या प्रती, कुणाच्या आजारपणाच्या रजेचे अर्ज. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका कर्मचाऱ्याचा अख्खा मेलबॉक्स. आम्ही एकही पत्र उघडलं नाही, नुसती नावांची यादी बघूनच अंगावर काटा आला. मशीन निवृत्त झालं होतं, पण त्यातली माणसं निवृत्त नव्हती.

मेल सर्व्हरवरच सगळ्यांचा डोळा का?

कारण मेल सर्व्हरचं कामच मुळी अनोळखी माणसाला दार उघडण्याचं आहे. पत्र जगातून कुठूनही येऊ शकतं, म्हणून २५ नंबरचं पोर्ट सगळ्यांसाठी उघडं ठेवावं लागतं. समोरच्याशी बोलणाऱ्या त्या प्रोग्राममध्ये चूक निघाली की घरात शिरायला वाट मिळते.

याचं पहिलं मोठं उदाहरण २ नोव्हेंबर १९८८ चं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' त्या काळच्या इंटरनेटवर पसरला. सुमारे सहा हजार मशीनं त्यात सापडली असा तेव्हाचा अंदाज होता. तो आत कसा शिरायचा, हे आजही वाचण्यासारखं आहे. सेंडमेल या मेल प्रोग्राममध्ये चुका शोधण्यासाठी ठेवलेली 'डीबग' ही सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती. कोण लॉगिन आहे ते सांगणारी 'फिंगर' सर्व्हिस, जिच्यावाचून फारसं कुणाचं अडलं नसतं, तीही चालू होती. शिवाय सोपे पासवर्ड होतेच. त्यातल्या निम्म्या वाटा केवळ 'असू दे' म्हणून उघड्या होत्या.

दुसरं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि जून १९९८ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, म्हणजे बी.ए.आर.सी.च्या सर्व्हरमध्ये 'मिलवर्म' नावाची टोळी घुसली. टोळी म्हणजे वेगवेगळ्या देशांतली पोरं, काही तर अकरावी-बारावीच्या वयाची. त्यांनी शास्त्रज्ञांचे ई-मेल पळवले आणि केंद्राच्या वेबसाइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावून ठेवलं. फार काही महत्त्वाचं गेलं नाही, अशी केंद्राची भूमिका होती. मात्र सेंडमेलमधली एक नेहमीची पळवाट राहून गेली होती आणि त्याची नवी आवृत्ती टाकलेली नव्हती, हेही तेव्हा तिथूनच सांगितलं गेलं.

आता गंमत बघा. बी.ए.आर.सी.चे सर्व्हर रोजच्या वापरातले होते. त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणसं होती, तरी एक आवृत्ती बदलायची राहिली. मग ज्या मशीनकडे कुणी बघतच नाही, त्याचं काय? आमच्या सेंटओएस ७ ला तर ३० जून २०२४ नंतर दुरुस्त्या येणंच थांबलं आहे. म्हणजे नवी पळवाट सापडली की ती या मशीनमध्ये कायमची उघडी. जून २०१९ मध्ये एक्झिम या मेल प्रोग्रामवर आणि मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवर मोठे हल्ले झाले, तेव्हा कारभाऱ्यांना धावपळ करून दुरुस्त्या बसवाव्या लागल्या. आमच्या मशीनला बसवायला दुरुस्तीच नाही. अशा वेळी हातात एकच उपाय उरतो : जे लागत नाही ते बंद करणं. जी सर्व्हिस चालूच नाही, तिच्यातली चूक कुणाला वापरता येत नाही.

आधी यादी, मग कुलूप

आम्ही अण्णांना लॉग दाखवला. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "करा बाबांनो काय करायचं ते. पण माझी पत्रं जाता कामा नयेत." आम्ही दोन गोष्टी मागून घेतल्या. पहिली, साहेबांच्या सहीचं परवानगीचं पत्र. हे नाटक नाही हो! परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा प्रकार आहे. हॉस्टेलच्या वाय-फायवर बसून 'गंमत म्हणून' स्कॅन मारणाऱ्या आपल्या वीरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. दुसरी गोष्ट, एक नवी हार्ड डिस्क. सगळ्या मेलबॉक्सची प्रत काढून, ती उघडते का हे तपासून, मगच पुढे हात लावला.

मग यादी. मशीनच्या आत बसून 'एसएस' ही आज्ञा दिली (जुन्या मशीनवर 'नेटस्टॅट') की कोणतं पोर्ट उघडं आहे आणि त्यावर कोणता प्रोग्राम ऐकत बसला आहे, हे दिसतं. इथे एक बारकावा आहे. पत्ता १२७.०.०.१ असेल तर ते दार फक्त मशीनच्या आतल्या आत आहे. चार शून्यं असतील तर ते सगळ्यांसाठी उघडं. आतून बघून झाल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे परक्या माणसाच्या जागेवरून, 'एनमॅप'नेही बघितलं. आतली यादी आणि बाहेरची यादी जुळवल्याशिवाय खरं चित्र कळत नाही.

तेरा पोर्ट निघाले : २१, २२, २५, ८०, ११०, १११, १४३, ४४३, ५८७, ६३१, ९९३, ९९५ आणि ३३०६. त्यातलं ६३१ फक्त आतलं, बाकी बारा जगासाठी. वर्षातून सहा पत्रं काढण्यासाठी बारा दारं!

एकेक दार

वहीवर रेघा मारून तीन रकाने केले : हे काय आहे, कोणाला लागतं, बंद केलं तर काय अडेल. ज्या ओळीत 'कोणाला लागतं' या रकान्यात माणसाचं नाव लिहिता आलं नाही, ती सर्व्हिस बंद. एवढा एकच नियम.

२१ म्हणजे एफटीपी. कुणीतरी केव्हातरी फाइली चढवायला सुरू केलेलं. त्यात पासवर्ड उघडाच जातो. बंद. १११ म्हणजे 'आरपीसीबाइंड', नेटवर्कवर फोल्डर वाटून घेण्याच्या कामाचं. इथे कुणी काही वाटून घेत नव्हतं. शिवाय ही सर्व्हिस उघडी असली की तिला छोटा प्रश्न विचारून मोठं उत्तर तिसऱ्याच्याच अंगावर सोडता येतं, आणि २०१५ पासून असे हल्ले झालेले आहेत. म्हणजे आपलं नुकसान न होताही आपलं मशीन दुसऱ्याला दगड मारतं. बंद. ६३१ प्रिंटिंगचं. या मशीनला प्रिंटर कधीच नव्हता. बंद.

८० आणि ४४३ वर वेबमेल होतं, पीएचपीच्या जुन्या आवृत्तीवर चालणारं, आणि त्याचा डेटाबेस ३३०६ वर. वेबमेल अण्णा वापरत नव्हते. ते गेलं की डेटाबेसचंही काम संपतं. चार वर्षांत कुणी न उघडलेल्या पानासाठी तीन पोर्ट अडकून पडले होते.

११० आणि ९९५ म्हणजे पीओपी, १४३ आणि ९९३ म्हणजे आयमॅप. दोन्ही मेल वाचायच्या पद्धती. अण्णा आयमॅपने वाचतात, म्हणून पीओपी काढलं. आयमॅपमधलं १४३ हे जुनं, ९९३ हे पहिल्यापासून कुलूपबंद संभाषणाचं. पण इथे ध्यानात घ्या, या चारही दारांमागे 'डोव्हकॉट' हा एकच प्रोग्राम आहे. तो बंद केला तर ९९३ पण जाईल. अशा वेळी सर्व्हिस बंद न करता तिच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. पीओपीचं नाव यादीतून काढलं आणि १४३ च्या जागी शून्य लिहिलं, झालं काम.

राहिलं २५ आणि ५८७, म्हणजे पत्र घेणं आणि पाठवणं. संस्थेची पत्रं आता क्लाउडवर येतात, या मशीनचा पत्ता सांगणारा एमएक्स रेकॉर्ड २०२१ मध्येच बदललेला. मग बाहेरून पत्र घ्यायचं कारण उरत नाही. 'पोस्टफिक्स'ला फक्त आतल्या आत ऐकायला सांगितलं, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सूचना अण्णांच्या जुन्या खात्यात पडत राहतील. जाता जाता डीएनएसमध्ये एक जुनी गोष्ट सापडली. संस्थेच्या नावाने पत्र कोण पाठवू शकतं हे सांगणारा जो एसपीएफ रेकॉर्ड असतो, त्यात या म्हाताऱ्या मशीनचा पत्ता अजून होता. म्हणजे कुणी मशीन ताब्यात घेतलं असतं, तर त्याने पाठवलेलं खोटं पत्र जगाला संस्थेचंच वाटलं असतं. तो पत्ता त्याच दिवशी काढून टाकला.

आमच्या तीन चुका

सगळं सरळ झालं असं समजू नका. तीनदा तोंडावर पडलो.

पहिली चूक. २५ बंद करून आम्ही चहाला गेलो, परत येतो तर ऑफिसात आरडाओरडा. स्कॅनर चालेना! स्कॅन केलेला कागद मेल करणारं ते झेरॉक्सचं मोठं मशीन चार वर्षं गुपचूप या जुन्या सर्व्हरमधूनच पत्रं पाठवत होतं. लॉगमध्ये ते रोज दिसत होतं, आम्हीच फक्त घुसखोरांच्या ओळी वाचत बसलो होतो. स्कॅनरला नव्या मेल-सेवेतून पाठवायला शिकवलं, मग शांतता झाली. धडा : बंद करण्याआधी आठ-पंधरा दिवसांचा लॉग वाचा. एका वेळी एकच सर्व्हिस बंद करा आणि कोण ओरडतं त्याची वाट बघा.

दुसरी चूक. १११ बंद केलं, खात्री केली, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर परत उघडं! भूत नव्हतं. 'स्टॉप' म्हणजे आत्तापुरतं थांब. 'डिसेबल' म्हणजे मशीन चालू होताना आपणहून उठू नकोस. पण या सर्व्हिसचा 'सॉकेट' नावाचा एक पहारेकरी वेगळा असतो. कुणी दार वाजवलं की तो तिला उठवतो. त्यालाही थांबवून डिसेबल करावं लागतं. त्यापुढची पायरी 'मास्क', म्हणजे कुणीही हाक मारली तरी उठायचंच नाही. आणि अगदी नकोच असेल तर प्रोग्रामच काढून टाकायचा. सगळं झाल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट करून यादी पुन्हा काढा. रीस्टार्टनंतरची यादीच खरी.

तिसरी चूक माझी एकट्याची. दुरून काम करायचं २२ नंबरचं दार, एसएसएच, फक्त अण्णांच्या संगणकाच्या आय.पी. पत्त्यालाच उघडं ठेवलं. रूट लॉगिन बंद, पासवर्डऐवजी किल्लीची फाइल. छान! सकाळी अण्णांचा संगणक चालू झाला आणि राउटरने त्याला नवाच पत्ता दिला. आम्ही सगळेच बाहेर. मग मॉनिटर आणि कीबोर्ड खांद्यावर घेऊन कोपऱ्यातल्या मशीनपर्यंत वरात. अण्णा हसून म्हणाले, "चोर बाहेर राहिला हे बरं, पण मालकपण बाहेरच की रे!" त्या संगणकाचा पत्ता आधी कायम करून घ्यायला हवा होता. आणि दुरून असे बदल करताना एक खिडकी उघडी ठेवून दुसरीतून तपासायचं, हेही त्या दिवशी कळलं.

फायरवॉल आहे की!

हा प्रश्न माझ्या पार्टनरने पहिल्या दिवशीच विचारला होता. सगळी पोर्ट फायरवॉलने अडवली की झालं, सर्व्हिस बंद करायची उठाठेव कशाला? उत्तर सोपं आहे. फायरवॉल म्हणजे अंगणाचं कुंपण. उद्या कुणी राउटर बदलला, कुणी 'नेट चालत नाही' म्हणून पाच मिनिटं नियम काढले आणि परत घालायला विसरला, की मागे बारा दारं उघडीच. म्हणून आधी दारं बंद, मग कुंपण. आम्ही कुंपणही घातलं : ९९३ आणि २२ फक्त ऑफिसच्या आतून, बाहेरून काहीच नाही. राउटरवर या मशीनला जोडलेला बाहेरचा आय.पी. पत्ताच काढून घेतला. उलट्या दिशेनेही, या मशीनमधून बाहेर २५ वर पत्र पाठवणं बंद केलं. निवृत्त पोस्टमन रात्री पत्रं टाकायला निघाला, तर काहीतरी गडबड आहे हे ओळखावं.

जुनी खाती राहिली होती. सोडून गेलेल्या माणसांची एकूण एक खाती कुलूपबंद केली, अण्णांचं एक खातं ठेवलं. दोन गोष्टी मात्र मुद्दाम चालू ठेवल्या : लॉग आणि घड्याळ जुळवणारी सर्व्हिस. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने काढलेल्या निर्देशांत संस्थांनी लॉग १८० दिवस जपावेत आणि घड्याळं प्रमाण वेळेशी जुळती ठेवावीत असं सांगितलं आहे. घड्याळ चुकलेलं असेल तर लॉग म्हणजे नुसती रद्दी. 'नको ते बंद करा' याचा अर्थ 'दिसेल ते बंद करा' असा नाही.

मशीनवरची चिठ्ठी

शेवटच्या दिवशी हॉटस्पॉटवरून पुन्हा स्कॅन केला. एकही पोर्ट उघडं नाही. लॉगमध्ये बाहेरून येणाऱ्या ओळी थांबल्या होत्या. इतके दिवस सतत दार वाजत होतं आणि एकदम शांत झालं, तेव्हा खरं सांगतो, आम्हाला परीक्षा पास झाल्यापेक्षा जास्त बरं वाटलं.

मग एक कागद लिहून मशीनवर चिकटवला. काय चालू आहे, कोणासाठी, कोणी ठरवलं आणि कधीपर्यंत. सगळ्यात महत्त्वाचा 'कधीपर्यंत'. कारण सर्व्हिस बंद करणं ही शेवटी मलमपट्टी आहे. दुरुस्त्या न मिळणारं मशीन कधीतरी बंदच करायला हवं. अण्णांशी बोलून तारीख ठरली ती मार्चअखेर. तोपर्यंत सगळी पत्रं साध्या फाइलींमध्ये काढून दोन डिस्कवर ठेवायची, एक डिस्क कपाटात कुलपाखाली आणि दुसरी वेगळ्या इमारतीत. मग मूळ डिस्क नीट पुसायची, आणि त्यानंतरच मशीन भंगारात. डिस्क न पुसता भंगारवाल्याला दिली, तर एवढी बंद केलेली दारं त्याच्या हातगाडीवर सताड उघडी!

एप्रिलमध्ये अण्णांचा फोन आला. "बंद केलं बरं का मशीन. घुमायचा आवाज गेला, तर दोन दिवस चुकल्यासारखं झालं." मग जरा थांबून म्हणाले, "त्या वारलेल्या आमच्या माणसाच्या मुलाला वडिलांची पत्रं हवी होती. साहेबांना विचारून डिस्कवरून काढून दिली." ती पत्रं त्या मुलाच्या आधी भलत्याच कुणाच्या हाती पडली नाहीत, यात आमच्या त्या सुट्टीचा थोडाफार वाटा आहे, असं मी मानतो.

तेव्हा मित्रांनो, आणि विशेषतः लॅब सांभाळणाऱ्या सरांनो आणि मॅडमनो, एकदा आपल्या अवतीभवती बघा. कोपऱ्यात, टेबलाखाली, जुन्या यू.पी.एस.शेजारी एखादं मशीन हिरवा दिवा लावून बसलं असेल. 'त्याचं आता काही काम नाही' असं कुणी म्हणालं, की लगेच वही काढा, तीन रकाने आखा आणि विचारा : मग ते चालू कशाला आहे? आणि हो, आधी परवानगीचं पत्र घ्यायला विसरू नका!

— तृतीय वर्ष, संगणक विभाग